छोट्या रणात जायचं तर मार्चमध्ये जा

बडोद्याची मंडळी कच्छच्या छोट्या रणात जातात ती बहुतेक डिसेंबरात. हवा छान असते, क्रौंच आणि रोहित दिसतात. माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी मात्र मार्चचा पहिला पंधरवडा सुचवते. अशा रखरखीत मुलखात कोण कसं तग धरतं हे बघायचं असेल, तर ऊन जरा चटकायलाच हवं. कडाक्याच्या थंडीत सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळातून बाहेर येत नाही, आणि अगरियांचं, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांचं, मीठ काढणीला येतं तेही याच सुमारास. एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं आणि अभयारण्य बंद.

निघायच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर हळद घालून ढवळा. आता चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून साधं पाणी अगदी हळू सोडा. पिवळं खाली राहतं, साधं वर तरंगतं. मोठ्या रणाच्या कडेला बन्नीच्या गवताळ भागात मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, याच गोष्टीवर जगत आले. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्याच्या वर थांबतं. ते तळ्याच्या कोरड्या पात्रात उथळ खड्डा खणतात, आतून लाकडांची चौकट आणि गवत लावतात आणि वरचं पाणी बेताबेताने काढतात. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. अशा खड्ड्याला ते विरडा म्हणतात. हा पेला पाहिलेल्या मुलाला रण वेगळंच दिसतं.

पहाटे लवकर निघा. अहमदाबाद, विरमगाम करत दसाडा किंवा बजाणा गाठायचं. विरमगामनंतर शेतांच्या बांधांवर शमी दिसू लागते, आपण दसऱ्याला पूजतो तीच. तिची मुळं फार खोल जातात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते. गाडी थांबवून एकदा तिच्या सावलीत उभे राहा. मुक्काम दसाड्याला किंवा बजाण्यालाच करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रणात शिरा.

रणात स्वतःची गाडी घालू नका. वरून टणक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली चिखल असू शकतो, आणि मृगजळात दिशा हरवते. परवाना काढून स्थानिक जीप आणि वाटाड्या घ्या. अंगावर सैल, पांढरे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला पंचा किंवा ओढणी. माणशी चार-पाच लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबू आणि साखर-मीठ.

सांडा बघायला घाई चालत नाही. बीळ दिसलं की जीप लांब उभी करून इंजिन बंद करा आणि हलू नका. ऊन वर आलं की आधी डोकं दिसतं, मग काळपट करडं अंग सपाट पसरून तो उन्हात पडतो. गडद रंगामुळे लवकर तापतो. पुरेसा तापला की रंग फिका पडत जातो आणि मग तो गवत-पाला खायला निघतो. चाहूल लागली की बिळात, आणि काटेरी शेपटी दाराशी. रात्री तो बिळाचं तोंड आतून मातीने बुजवतो, त्यामुळे आतली हवा दमट राहते. या गरीब प्राण्याला तेलासाठी पकडून मारतात. त्या तेलाने कुठलाही आजार बरा होत नाही, ते विकणं-घेणं गुन्हा आहे. कुणी बाटली पुढे केली तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा.

घुडखर, म्हणजे रानगाढवं, दिसतीलच. 2020 च्या गणतीत ते 6,082 होते, 2024 मध्ये 7,672. पाठ तांबूस, पोट पांढरं. रणाच्या मातीत दुरून चटकन ओळखू येत नाहीत. बेटांवर, म्हणजे पाण्याखाली न जाणाऱ्या उंचवट्यांवर, ते चरतात. लाण्यासारखी खारट झुडपंही त्यांना चालतात. त्याने मान उचलून दोन्ही कान तुमच्याकडे वळवले की तिथेच थांबा. पाठलाग केला तर तो सहज पळून जाईल, पण तापलेल्या रणात त्याचं पाणी उगाच खर्ची पडेल.

जवळपास गोडं पाणी असेल तर सूर्योदयानंतर दोनेक तास तिथे दबा धरा. पखुर्ड्या (सँडग्राउझ पक्षी) येतात. नर पाण्यात पोट बुडवून बसलेला दिसला तर नीट बघा: पोटाची पिसं भिजवून तो पिलांना पाणी पाजायला नेत असतो.

शेवटी अगरियांकडे जा, पण वाटाड्याला आधी विचारू द्या. पावसाळा सरला की ही कुटुंबं रणात येतात, विहीर खोदून जमिनीखालचं दाट खारं पाणी उपसतात, पाट्यात, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यात, सोडतात आणि महिनोन् महिने लाकडी दाताळ्याने खडे फिरवत राहतात. डिझेलचा खर्च त्यांची कंबर मोडायचा. आता बऱ्याच ठिकाणी सौर पंप दिसतात. मिठाने त्यांचे पाय इतके कडक होतात की चितेवरही ते नीट जळत नाहीत, असं तिथे सांगतात. ते चहा देतील, कारण पाहुणचार त्यांच्या रक्तात आहे. प्यायचं पाणी मात्र त्यांना टँकरची वाट बघून भरावं लागतं. तेव्हा वीस लिटरचा एक भरलेला कॅन जीपमध्ये जादा ठेवा आणि चहाआधी त्यांच्या माठाशी नेऊन द्या.