नाशिकला वाईनसाठी जाताय? आधी कॅलेंडर बघा

वेलीवर घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च याच काळात जा. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) होते आणि त्यानंतर घड भरत जातात. पावसाळ्यात गेलात तर हिरवागार मांडव दिसतो, द्राक्षं नाहीत. पण द्राक्षांच्या हंगामातच २६ जानेवारी येते, आणि तो ड्राय डे असतो! जोडून सुट्टी मिळाली म्हणून गाडी काढणाऱ्यांनी टेस्टिंगचा, म्हणजे वाईन चाखण्याचा, दिवस पुढेमागे ठेवावा.

एका दिवसात दोनच वायनरी (वाईन बनवण्याची ठिकाणं) करा. सुला आणि यॉर्क दोन्ही गंगापूर धरणाच्या बाजूला, जवळजवळ आहेत. इगतपुरीकडच्या सांजेगावच्या वायनरींसाठी मात्र वेगळा दिवस हवा.

सकाळी नाशिकची मिसळ खायचीच, त्यात तडजोड नको. फक्त मिसळ आणि टेस्टिंग यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कारण तोंडात तर्री रेंगाळत असताना सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाईनचा नाजूक वास कळतच नाही. आधी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, शेवटी शिराझसारखी लाल, हा क्रम मोडू नका. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेनं थंड वाईन लवकर कोमट होते. प्रत्येक घोट गिळायलाच हवा असं नाही; थुंकायला भांडं मागा, त्यात संकोच कसला? जेवताना तिखट काही मागवणार असाल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या, मसाल्याला ती छान सांभाळून घेते.

गाडी चालवणारा मात्र पूर्ण कोरडाच हवा. नाहीतर दिवसभरासाठी सरळ टॅक्सी ठरवा.