दोन सारख्या चेनसॉंची ताकद तोलताना या चुका टाळा

सत्तर सीसीच्या वर्गातल्या दोन व्यावसायिक चेनसॉ मी एकदा एकाच ओंडक्यावर चालवून पाहिल्या. पहिलीने काप बारा सेकंदांत पुरा केला, दुसरीला साडेचौदा सेकंद लागले, आणि पहिलीचे इंजिन अधिक ताकदवान आहे असा निष्कर्ष मी लगेच काढला. त्यानंतर दोन्हींचे बार (चेन ज्याभोवती फिरते ती पट्टी) आणि चेन यांची अदलाबदल करून तेच काप पुन्हा घेतले, तेव्हा वेळाही जवळजवळ तशाच्या तशा अदलाबदल झाल्या. मी इंजिनांची तुलना करतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी दोन चेनना लावलेल्या धारेची तुलना करत होतो. एकाच वर्गातल्या दोन चांगल्या यंत्रांमध्ये जो फरक डोळ्यांना दिसतो, त्यातला मोठा भाग बहुतेक वेळा इंजिनाबाहेरचा असतो आणि तो बाजूला काढल्याशिवाय इंजिनाबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही.

कागदावरच्या आकड्यांना अवाजवी महत्त्व देणे

श्टीलच्या एमएस ४६२ या यंत्राची जाहीर क्षमता ७२.२ सीसी आणि ४.४ किलोवॉट आहे, तर हुस्कवर्नाच्या ५७२ एक्सपीची ७०.६ सीसी आणि ४.३ किलोवॉट आहे. हा फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. बारा सेकंदांच्या कापात तो जेमतेम पाव सेकंद भरेल, आणि हातात घड्याळ धरून मोजणाऱ्या माणसाची चूकच तेवढी असते. असा फरक कापाच्या वेळेवरून सिद्ध करू पाहणे व्यर्थ आहे.

एककांचा गोंधळ त्याहून वाईट. ४.४ किलोवॉट म्हणजे युरोपात वापरल्या जाणाऱ्या मेट्रिक अश्वशक्तीत ६.०, आणि इंग्रजी अश्वशक्तीत ५.९. एकाच यंत्राचे हे दोन आकडे दोन वेगळ्या पत्रकांत वाचून कोणी त्याच्या दोन आवृत्त्या आहेत असे समजतो, तर कोणी एका कंपनीचा मेट्रिक आकडा दुसरीच्या इंग्रजी आकड्याशेजारी ठेवतो. तुलना नेहमी किलोवॉटमध्येच करावी. चेनसॉच्या इंजिनाची ताकद आणि इंधनाचा खप मोजण्यासाठी आयएसओ ७२९३ हे मानक आहे; ज्या आकड्यामागे कोणती मोजणी आहे हे सांगितलेलेच नाही, तो तुलनेत धरू नये.

मात्र किलोवॉटचा आकडा खरा असला, तरी तो फेऱ्यांच्या एकाच बिंदूवरचा असतो. मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या आणि न्यूटन-मीटरमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) यांच्या गुणाकाराला ९,५५० ने भागले की किलोवॉट मिळतात. ९,५५० फेऱ्यांवर ४.४ न्यूटन-मीटर देणारे इंजिन तिथे ४.४ किलोवॉट देते. पण दाब वाढून फेऱ्या ७,००० वर आल्या आणि टॉर्क तेवढाच राहिला, तर हातात ३.२ किलोवॉटच उरतात. दुसऱ्या यंत्राचा टॉर्क त्याच ७,००० फेऱ्यांवर ४.८ असेल, तर ते ३.५ किलोवॉट देईल आणि जाड, कठीण लाकडात पुढे निघेल, भले त्याचा कागदावरचा कमाल आकडा लहान असो. म्हणून फक्त शिखर न पाहता, फेऱ्यांनुसार ताकद दाखवणारा वक्र मिळाला तर तो पाहावा. नाही मिळाला, तर यंत्र दाबाखाली किती लवकर दमते हे स्वतः अनुभवावे.

वजनाकडे मात्र जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. एमएस ४६२ बार, चेन आणि इंधन सोडून ६.० किलोची आहे, आणि कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेली ७९.२ सीसीची एमएस ५००आय ५.० किलोवॉट देऊनही ६.२ किलोच भरते, म्हणजे दर किलोवॉटमागे १.२४ किलो. दिवसभर फांद्या छाटणाऱ्या माणसाच्या कामाचा वेग ०.१ किलोवॉटने फारसा बदलत नाही, अर्धा किलो वजनाने निश्चित बदलतो.

वेगवेगळ्या चेन लावून इंजिनांची तुलना करणे

सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारी चूक हीच आहे. एका यंत्रावर कारखान्यातून आलेली चेन आणि दुसऱ्यावर निष्णात हाताने कानस मारलेली चेन असेल, तर इंजिनांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. फुल चिझल (चौकोनी कोपऱ्याचे) दात स्वच्छ, मऊ लाकडात वेगाने कापतात, पण माती किंवा वाळू लागलेल्या सालीत लवकर बोथट होतात. सेमी चिझल (गोलसर कोपऱ्याचे) दात थोडे हळू कापतात, पण धार टिकवतात. डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) किती घासले आहे, यावर प्रत्येक दात किती जाडीचा छिलका उचलतो हे ठरते. ते दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावे लागते. एका चेनवर हे अंतर कमी आणि दुसरीवर जास्त असेल, तर पहिली चेन लाकडावरून घसरत राहते आणि दुसरी इंजिनाला ओढून खाली आणते. मग ज्या यंत्राच्या फेऱ्या कोसळतात त्याला आपण दुबळे म्हणतो, जेव्हा खरे तर त्याच्यावर अधिक काम टाकलेले असते.

पिच (चेनच्या कड्यांमधले अंतर) आणि गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कड्यांची जाडी) यांचेही तसेच. अरुंद खाच पाडणारी चेन कमी लाकूड काढते, म्हणून त्याच इंजिनावर ती अधिक वेगाने उतरते. पन्नास सीसीच्या एका यंत्रावर अरुंद खाचेची ०.३२५ इंची चेन आणि दुसऱ्यावर रुंद खाचेची ३/८ इंची चेन असताना केलेली तुलना म्हणजे दोन वेगळ्या कामांची तुलना होय.

स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात मोजायला तर बहुतेक जण विसरतात. ३/८ इंची चेन आणि सात दातांचे स्प्रॉकेट असेल, तर इंजिनाच्या एका फेरीत चेन सुमारे १३ सेंटीमीटर सरकते आणि ९,५०० फेऱ्यांना तिचा वेग सेकंदाला २० मीटरच्या थोडा वर जातो. आठ दातांचे स्प्रॉकेट लावले, तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग १४ टक्क्यांनी वाढतो, पण चेनची ओढ साडेबारा टक्क्यांनी घटते. बारीक ओंडक्यात हे यंत्र झपाट्याने कापेल आणि जाड ओंडक्यात गुदमरेल. ज्याने फक्त बारीक ओंडका कापून पाहिला, तो त्याला श्रेष्ठ ठरवेल. ज्याने जाड कापला, तो उलट सांगेल, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील.

बारच्या लांबीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. लाकडात एका वेळी किती दात गुंततात हे बारच्या लांबीवर नसून ओंडक्याच्या जाडीवर आणि चेनवर दात किती दाट बसवले आहेत त्यावर ठरते. लांब बारमुळे घर्षण आणि वजन वाढते हे खरे, पण बारीक ओंडक्यात वेळेचा मोठा फरक पडला, तर दोष बारच्या लांबीला देण्याआधी धार तपासावी.

यावर उपाय एकच: दोन्ही यंत्रांना बसेल असा एकच बार आणि एकच चेन घ्यावी आणि ती आळीपाळीने दोन्हींवर चढवावी. बार बसवण्याची रचना वेगळी असल्यामुळे ते शक्य नसेल, तर एकाच प्रकारच्या दोन नव्या चेन घ्याव्यात आणि काही काप झाल्यावर दोन्हींना त्याच कानसीने, त्याच कोनात, तितक्याच ओढींची धार द्यावी.

ओंडका सगळीकडे सारखाच आहे असे समजणे

खोड वर जाताना निमुळते होते. ३० सेंटीमीटर व्यासाच्या कापाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटीमीटर असते आणि ३३ सेंटीमीटरच्या कापाचे ८५५. म्हणजे डोळ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या तीन सेंटीमीटरमुळे काम २१ टक्क्यांनी वाढते. एका यंत्राने बुंध्याकडून आणि दुसऱ्याने शेंड्याकडून कापायला सुरुवात केली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. काप एकाआड एक घ्यावेत, प्रत्येक कापाचा व्यास मोजून वेळेला क्षेत्रफळाने भागावे, गाठ लागलेला काप सरळ वगळावा, आणि प्रत्येक यंत्राचे किमान पाच-सहा काप झाल्याशिवाय सरासरी काढू नये. चारही बाजू तासलेला चौकोनी ओंडका मिळाला तर फारच उत्तम. लाकूड ओले आहे की वाळलेले याची नोंद ठेवावी, कारण आज ओल्या लाकडावर घेतलेली वेळ महिन्याभराने वाळलेल्या लाकडावर घेतलेल्या वेळेशेजारी मांडता येत नाही.

हाताचा दाब आणि रिकाम्या फेऱ्यांचा आवाज

या इंजिनांच्या रिकाम्या कमाल फेऱ्या १३,५०० ते १४,००० च्या आसपास असतात, तर कमाल ताकद साधारण ९,००० ते १०,००० च्या दरम्यान मिळते. जो फार हलका हात ठेवतो, तो यंत्राला ताकदीच्या बिंदूपर्यंत खाली येऊच देत नाही. जो दातेरी बंपर रोवून जोर लावतो, तो त्या बिंदूच्या खाली ढकलतो. त्यामुळे दोन यंत्रे दोन माणसांनी चालवून केलेली तुलना बाद समजावी. एकाच माणसाने एकदा यंत्राच्या स्वतःच्या वजनाने आणि एकदा ठराविक दाबाने असे दोन संच घ्यावेत. दोन्हींमधला फरक टॉर्कबद्दल बरेच काही सांगून जातो. वेळेच्या घाईत बारचे टोक दुसऱ्या ओंडक्याला टेकू देऊ नये, कारण उसळी तिथूनच येते. पायांचे आणि कानांचे संरक्षण चाचणीतही तितकेच आवश्यक आहे.

रिकाम्या फेऱ्यांचा चढा आवाज ऐकून यंत्र दमदार आहे असे ठरवणे ही जुनी चूक आहे. मिश्रणात इंधन कमी पडले की फेऱ्या वाढतात, आवाज तीक्ष्ण होतो आणि पिस्टन जळण्याच्या मार्गाला लागतो. शिवाय अनेक यंत्रांचे इग्निशन ठराविक फेऱ्यांवर ठिणगी तोडते. तिथे ऐकू येणारी फडफड इंधन जास्त असल्याची खूण मानून कोणी मिश्रणाचा स्क्रू आवळला, तर तो निरोगी इंजिनाचे नुकसान करतो. ऑटोट्यून (हुस्कवर्ना) किंवा एम-ट्रॉनिक (श्टील) ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असलेली यंत्रे मिश्रण स्वतः जुळवतात, पण त्यासाठी त्यांना प्रत्यक्ष लाकडात थोडा वेळ चालावे लागते. इंधन बदलल्यानंतरचा किंवा थंड इंजिनाचा पहिला काप हिशेबात धरू नये. अगदी नवे यंत्र काही टाक्या इंधन जाळेपर्यंत पूर्ण मोकळे होत नाही. रुळलेल्या यंत्राशी त्याची तुलना करणे त्याच्यावर अन्याय आहे.

इंधन दोन्हींमध्ये एकाच कॅनमधले, ताजे असावे. ५०:१ चे मिश्रण म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल. ते अंदाजाने ओतू नये. उंचीचा परिणामही लक्षात घ्यावा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर हवेची घनता सुमारे १८ टक्के कमी असते आणि इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते, म्हणून दुसऱ्याने सपाटीवर घेतलेल्या वेळेशी डोंगरावरच्या वेळेची तुलना करू नये.

सगळे सारखे करूनही एक यंत्र मागे पडत असेल तर

आता इंजिनाकडे वळायला हरकत नाही, पण क्रमाने. प्रथम भुसा पाहावा: जाडसर छिलके पडत असतील तर धार ठीक आहे, पीठ पडत असेल तर परत कानस हातात घ्यावी. काप एका बाजूला वळत असेल, तर एका बाजूचे दात आखूड झालेले असतात किंवा बारच्या कडा असमान झिजलेल्या असतात. मग इंजिन बंद ठेवून, हातमोजे घालून चेन हाताने फिरवावी. ती जड फिरत असेल, तर ताण, तेलाचे छिद्र, बारच्या टोकाचे चाक आणि ब्रेकचा घासणारा पट्टा हे चारही तपासावेत. इथे गेलेली ताकद दाराबाहेरच हरवलेली असते, इंजिनाचा त्यात काहीच दोष नसतो.

त्यानंतर एअर फिल्टर, टाकीतला इंधन फिल्टर, टाकीचा श्वासमार्ग (टाकीत हवा येण्याची वाट) आणि सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी तपासावी. काजळीने भरलेली जाळी हे ताकद हळूहळू कमी होण्याचे फार सामान्य कारण आहे, आणि ते हळूहळू घडते म्हणूनच मालकाच्या लक्षात येत नाही. टाकीचे झाकण किंचित सैल केल्यावर यंत्र सुधारले, तर श्वासमार्ग बंद आहे हे उघड आहे. ही चाचणी यंत्र जमिनीवर स्थिर ठेवून, चेनचा ब्रेक लावूनच करावी.

सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दाबमापक लावून मोजावे. थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेशनची (सुरू करताना दाब कमी करणारी) कळ बंद आणि इंजिन कोमट ठेवून, काटा वाढायचा थांबेपर्यंत दोर ओढावा. दाबमापकांमध्ये आपसांत फरक असतो, म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा त्याच मॉडेलच्या चांगल्या यंत्रावर त्याच दाबमापकाने घेतलेला आकडा अधिक भरवशाचा. तो स्पष्टपणे कमी आला, तर सायलेन्सर काढून बाहेर जाणाऱ्या छिद्रातून पिस्टनची बाजू उजेडात पाहावी. तिच्यावर उभे ओरखडे दिसले, तर तुलना तिथेच थांबवावी, आणि नवा सिलिंडर बसवण्याआधी इनटेक बूट (इंजिनात मिश्रण नेणारी रबरी नळी) आणि क्रँकशाफ्टची सीले यांतून हवा गळते का, हे दाब देऊन तपासावे. गळती राहिली, तर नवा पिस्टनही त्याच कारणाने ओरखडला जातो.