नवं पोरगं फ्रँचायझी स्टार होणार का, हे ओळखायचं कसं

2013 च्या ऑक्टोबरात मी आणि माझा एक दोस्त, दोघांनी तांबड्या-पांढऱ्याची पैज लावली होती, त्या वर्षीच्या एनबीए ड्राफ्टमधलं (एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे टीम नवी पोरं नंबरानं निवडतात ते) कुठलं पोरगं सगळ्यात मोठं होणार यावर. मी धरला फिलाडेल्फियाचा मायकेल कार्टर-विल्यम्स, कारण त्यानं पहिल्याच मॅचला लेब्रॉनच्या मायामीला, म्हणजे त्या वेळच्या चॅम्पियनला, 22 पॉइंट, 12 असिस्ट (बास्केट करून देणारे पास), 9 स्टील (हिसकावलेले बॉल) आणि 7 रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) टाकून हरवलं होतं, आणि सकाळी सकाळी ते बघून मी घरात शड्डू ठोकायचाच बाकी होतो. दोस्त पण काय लय शहाणा नव्हता, त्यानं धरला पहिल्या नंबरचा अँथनी बेनेट. माझा गडी रुकी ऑफ द इयर, म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात भारी नवा प्लेयर, झाला आणि पुढच्याच सीझनमध्ये टीमनं त्याला दुसऱ्या टीमकडं ट्रेड करून टाकला. बेनेटनं पहिल्या सीझनला सरासरी 4.2 पॉइंट केले आणि चार सीझनमध्ये लीगच्या बाहेर. 15 व्या नंबरला आलेलं ग्रीसचं काटकुळं पोरगं, यानिस, सगळ्यात मोठं तेच झालं, आणि त्याचं नाव आमच्या टेबलावर कुणी घेतलंच नव्हतं. शेवटी बिल अर्धं अर्धं भरलं.

तेव्हापासून मी पोरगं बघायची पद्धत बदलली, तीच इथं सांगतो.

आधी फ्रँचायझी स्टार म्हणजे काय ते डोक्यात फिट करा. चांगला प्लेयर वेगळा, ऑलस्टार वेगळा. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या नावावर कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान भरतं तो. पोस्टरवर बाकी पन्नास जोडी असतात हो, पण लोकं त्या एका कुस्तीसाठी दुपारपासून जागा धरून बसतात आणि समोरची तालीम महिनाभर त्याच्याच डावाची तोड शोधत असते. बास्केटबॉलमध्ये पाचच जण खेळतात, त्यामुळं असा एक गडी मिळाला की पुढची दहा वर्षं टीम त्याच्याभोवती बांधली जाते.

आता पहिलं काम, पॉइंटला भुलायचं नाही. माझी चूक तीच झाली. कार्टर-विल्यम्सनं त्या वर्षी 16.7 पॉइंट, 6.3 असिस्ट, 6.2 रिबाउंड काढले, आकडे बघून कुणाचंही डोकं फिरेल, पण ती टीम 19 जिंकून 63 हरली होती आणि लीगमध्ये सगळ्यात फास्ट पळत होती. 48 मिनिटं पळापळ केल्यावर कुणीतरी पॉइंट करणारच की. म्हणून वही घ्या आणि साधा हिशोब करा, त्याला ट्रू शूटिंग म्हणतात. घेतलेल्या सगळ्या शॉटमध्ये (गेलेले, चुकलेले दोन्ही) घेतलेल्या फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) 0.44 पट मिळवा, त्याची दुप्पट करा, आणि पॉइंटला त्यानं भागा. समजा एका पोरानं 18 शॉट आणि 4 फ्री थ्रो घेऊन 20 पॉइंट केले, तर येतात साधारण 51 टक्के. दुसऱ्यानं 12 शॉट आणि 7 फ्री थ्रोमध्ये तेवढेच केले तर 66. दोघांच्या नावापुढं 20 च दिसतात, पण अलीकडं लीगची सरासरी 57-58 च्या आसपास असते, म्हणजे पहिला टीमला खड्ड्यात घालतोय आणि दुसरा वर काढतोय. पण 19-20 वर्षाच्या पोराला पहिल्या वर्षी 52-53 आले म्हणून लगेच फेकून देऊ नका. वय बघा. 19 चं पोरगं आणि 23 चं पोरगं यांना एकाच तराजूत तोलणारे लोक मला कळतच नाहीत.

शॉट पुढं सुधारेल का हे बघायचं असेल तर थ्री पॉइंटच्या, म्हणजे लांबून मारलेल्या शॉटच्या, टक्क्यापेक्षा आधी फ्री थ्रोचा टक्का बघायचा. तिथं अंगावर कोण नसतं, पळून दम लागलाय ही सबब पण जास्त चालत नाही, नुसता हात दिसतो. 80 च्या वर असेल तर बाहेरचा शॉट येईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. माझ्या गड्याचा फ्री थ्रो 70 आणि थ्री 26 होता, तिथंच कळायला पाहिजे होतं. (यानिस या नियमात बसत नाही, त्याचा फ्री थ्रो आजही बघवत नाही, पण तेवढी उंची आणि तेवढी ढांग असलेली पोरं किती असतात?)

खरी परीक्षा मात्र मॅच बघूनच होते, आणि हायलाइट बघून तर अजिबात नाही. थंडीत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मॅच आपल्याकडं सकाळी सहाच्या सुमारास लागतात, चहा घेऊन बसायचं आणि फक्त त्या एका पोराकडं बघायचं, बॉल कुठं का जाईना. मी वहीत दोनच रकाने करतो. पिक-अँड-रोल (साथीदार डिफेंडरची वाट अडवून रिंगकडं वळतो तो डाव) सुरू झाला की त्याच्यावर दोन डिफेंडर धावून येतात का? आले तर पहिल्या रकान्यात रेघ. मग त्यानं काय केलं? बॉल हातात धरून पाठ फिरवली, कोपऱ्यात अडकला, टाइमआउट मागितला, की दुसरा माणूस पोचायच्या आधीच त्याच्या डोक्यावरून मधल्या मोकळ्या गड्याला पास दिला? पास दिला तर दुसऱ्या रकान्यात रेघ. बास एवढंच. एकटं पाडून कुणालाही मारतं हो पोरगं, पण समोरच्यानं त्याच्यासाठी सगळा डिफेन्स बदलला आणि तरी ह्यानं टीमला सोपा बास्केट मिळवून दिला, तर मग गडी वेगळा आहे. लुका डॉन्चिच 19 व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकून तिथला एमव्हीपी (सगळ्यात भारी प्लेयर) झाला होता ते याच नजरेवर, पळण्यात तर त्याच्यापेक्षा आपली पेठेतली पोरं फास्ट असतील. योकिचचं पण तेच, 2014 ला 41 व्या नंबरला घेतला, उडी नाही, वेग नाही, आणि तीन एमव्हीपी.

डिफेन्समध्ये हेच उलटं बघा. वेम्बान्यामाच्या पहिल्या वर्षी मॅचला 3.6 ब्लॉक (हवेतच अडवलेले शॉट) होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त, पण त्यापेक्षा भारी गोष्ट म्हणजे रिंगपर्यंत आलेला माणूस ह्याला बघून बॉल घेऊन परत बाहेर पळतो. ते स्कोअरशीटमध्ये कुठंच येत नाही, वहीतच लिहावं लागतं.

मग दुसरं आणि तिसरं वर्ष. माझे चुलते तरुणपणी गंगावेशीत तालमीला जायचे, ते म्हणायचे, पोरगं कुणाला पाडतंय ते बघू नको रं, स्वतः ज्या डावावर पडलं त्याच डावावर परत पडतंय का ते बघ. मी एनबीएला हेच लावतो. यानिसचे पॉइंट वर्षागणिक बघा, 6.8, 12.7, 16.9, 22.9, 26.9, आणि दर उन्हाळ्यानंतर अंगात आणि खेळात काहीतरी नवं. शे गिल्जस-अलेक्झांडर 11 व्या नंबरचा, पहिल्या वर्षी 10.8, त्यालाच क्लिपर्सनं पॉल जॉर्जसाठी देऊन टाकला, आणि 2025 ला ओक्लाहोमात तोच एमव्हीपी आणि तोच चॅम्पियन. उलट टायरीक एव्हान्स पहिल्याच वर्षी 20 पॉइंट, 5 रिबाउंड, 5 असिस्ट करून रुकी ऑफ द इयर झाला, स्टेफ करीला मागं टाकून, आणि तो आकडा त्याला परत कधी ओलांडताच आला नाही. म्हणून तिसऱ्या सीझनपर्यंत पैज लावायची नाही, हा माझा नियम.

दुखापतीचं कुणालाच सांगता येत नाही. ग्रेग ओडन ड्युरँटच्या आधी पहिल्या नंबरला गेला आणि गुडघ्यांपायी सगळ्या करिअरमध्ये 105 मॅच खेळला. डेरिक रोझ 22 व्या वर्षी एमव्हीपी, आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या मॅचला गुडघा गेला. करीचे घोटे इतके दुखायचे की 2012 ला त्यानं 4 वर्षांचं 44 मिलियनचं स्वस्तातलं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, आणि पुढं काय झालं ते जगाला माहिती आहे.

हे सगळं गल्लीतल्या पोरांना पण चालतंय. आपल्याकडं फुटबॉल आणि कुस्तीपुढं बास्केटबॉलला कोण विचारतंय म्हणा, सतनाम सिंगनं 2015 ला 52 व्या नंबरला ड्राफ्ट होऊन दाखवलं तेव्हा पण आमच्या कट्ट्यावर शाहू स्टेडियमच्या मॅचचीच चर्चा होती. पण घराजवळच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर एक सोळा वर्षाचं पोरगं येतंय. गेल्या दिवाळीत समोरच्यांनी त्याची उजवी बाजू बंद केली तर त्याचं पार पोतेरं झालं, तीनदा बॉल हातातून गेला आणि चौथ्यांदा त्यानं रागानं लाथ मारून बॉल गटारीत घातला. दोस्त म्हणाला, हे काय कामाचं नाही. परवा बघितलं तर पोरगं एकटंच, उजवा हात चड्डीच्या खिशात घालून नुसत्या डाव्या हातानं लेअप (रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) मारत होतं, आणि दहातले सहा जात होते.

दोस्त लगेच पैज लावूया म्हणाला. मी म्हटलं, अजून दोन वर्षं थांब.