बासचा खरखरणारा पॉट

बास गिटारचा नॉब फिरवताना ॲम्पमधून खरखर येते, तेव्हा बिचाऱ्या नॉबचा दोष नसतो. नॉबखालच्या पॉटमधल्या (आवाज किंवा टोन कमी-जास्त करणाऱ्या, फिरवायच्या रोधकातल्या) कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. कंट्रोल प्लेट उघडा, पॉटच्या पायांवरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. गंज काढायचं तेल नको, त्यावर धूळ आणखी चिकटते.

तरीही ठरावीक जागीच खरखरत असेल तर पट्टी झिजली, पॉट बदला. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) जॅझ बास मॉडेलला २५० के (किलोओहम), ऑडिओ टेपर (नॉब फिरवाल तसा आवाज कानाला एकसारखा वाढल्यासारखा वाटतो तो प्रकार). आधी पॉटच्या दांड्यावरचे, नॉब जिथे बसतो तिथले दाते मोजा: इंची मापाला सहसा २४, मिलिमीटरच्याला १८. न बसणारा नॉब ठोकलात तर चिरतो. अर्थची वायर जोडण्यापूर्वी पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर गोळी होऊन निसटतं.