‘काय हवंय?’ नको, ‘कालची गाडी कशी भरली?’ विचारा

जळगावात सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं तेव्हा पहिली मोठी ऑर्डर मिळाली रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची. शेठजींच्या गादीवर बसून मी वहीतले ‘काय हवंय?’ छापाचे वीस प्रश्न विचारले. "सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे," शेठ म्हणाले. चहा झाला, मी खूश. दीड महिन्यात ॲप तयार. मुनीम नानांनी ते एकदा उघडलं, पुन्हा नाही.

कारण कळलं ते बागेत गेल्यावर. कटाई चालू होती, घड वजनाला येत होते आणि नानांची बोटं केळीच्या चिकाने काळी पडलेली. त्या बोटांनी काचेवर बारा रकाने कोण भरणार? नाना वजन ओरडून सांगत होते, एक पोरगा पुठ्ठ्यावर लिहून घेत होता.

केळीच्या दरासाठी ॲपमध्ये मी एकच रकाना ठेवला होता. नाना हसले. "भो, बोर्डाचा भाव येगळा, सौद्याचा येगळा. पावतीवर कोणता टाकू?" म्हणजे जाहीर झालेला भाव एक आणि प्रत्यक्ष सौद्यात ठरलेला दुसरा. शेठजींनी हे सांगितलंच नव्हतं. रोजचीच गोष्ट, त्यात सांगायचं काय, असं वाटलं असेल. (थोडं मुद्दामही असेल.)

तेव्हापासून मी कुणाला इच्छा विचारत नाही. "काल शेवटची गाडी भरली ना, ती पहिल्यापासून सांगा," एवढंच म्हणतो. उत्तरात ‘नेहमी’ किंवा ‘साधारण’ आलं की कान टवकारायचे. नाना म्हणाले होते, "वजन आम्ही नेहमी लगेच चढवतो." काल कधी चढवलं? "काल... रात्री, घरी." खरी गरज त्या ‘काल’मध्ये होती.

वहीही मागून घ्या. छापील रकान्यांपेक्षा समासातलं खरडलेलं जास्त बोलतं. नानांच्या समासात मजुरांची उचल होती, माझ्या ॲपमध्ये तिला जागाच नव्हती.

पैसे देणारा आणि वापरणारा एकत्र बसले असतील तर ती मुलाखत झालीच नाही असं समजा. शेठसमोर नाना म्हणणार, "झकास आहे." शेठ जेवायला गेले की खरं बाहेर येतं. आणि रेकॉर्डर काढू नका. भावाची गोष्ट निघाली की माणसं गप्प होतात, हाताने लिहा.

कामाच्या जागी जाऊन, काम बघत विचारायच्या या पद्धतीला कॉन्टेक्स्चुअल इन्क्वायरी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. सॉफ्टवेअर डिझाइनमधल्या कॅरेन होल्ट्झब्लॅट आणि ह्यू बेयर यांनी ती मांडली: काम करणारा उस्ताद, विचारणारा शिकाऊ उमेदवार. उमेदवाराने मधे तोंड घालायचं नसतं, हे मला अजून जमत नाही. समोरचा दोन क्षण थांबला की मीच त्याचं वाक्य पुरं करतो, आणि मग तो माझंच उत्तर मला परत देतो.

त्या ॲपमध्ये आता बागेत भरायला फक्त वजन आहे, तेही पोरगा भरतो. भाव, उचल, बाकी सगळं नाना रात्री हात धुऊन, ओट्यावर बसून भरतात.