गोल करून बसवलं म्हणजे गटकार्य झालं? या चुका टाळा

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मिळून होणाऱ्या, शिक्षण परिषदेत गटकार्याचा विषय निघाला की तक्रारी ठरलेल्या. दोनच लेकरं काम करतात, बाकीची खिडकीतून बाहेर बघतात, गोंधळ होतो, तास वाया जातो. आणि मग निष्कर्ष: ‘आपल्याकडच्या पोरांना हे जमत नाही.’ माझं मत उलटं आहे. बहुतेक वेळा पोरं ठीक असतात, त्यांना दिलेलं कामच गटाचं नसतं.

एकट्याचं काम चौघांना देणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच येतात. धड्याखालचा स्वाध्याय काढायचा, पाच-सहा जणांचा गट करायचा आणि ‘चर्चा करून उत्तरं लिहा’ म्हणायचं. चर्चा कशाची करणार? उत्तर धड्यातच आहे. ज्याला वाचता येतं तो लिहितो, बाकीचे उतरवून घेतात. ‘मराठवाड्यात दुष्काळ का पडतो?’ असा प्रश्न दिला तरी तेच होतं. ‘कमी पाऊस, झाडांची तोड’ हे गाइडमधलं उत्तर अर्ध्या मिनिटात फळ्यावर येतं आणि उरलेला तास मोकळा.

काम असं हवं की एकट्याला ते पूर्ण करताच येऊ नये. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात ताण होता. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना, म्हणून मुलं ऐकायला लागली.

आपल्याकडे सातवी-आठवीला हेच दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेवर करता येतं. चार चिठ्ठ्या करा. पहिलीत: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या गाडीत १० वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, त्यांत ५ लाख लिटर पाणी. दुसरीत: २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास. तिसरीत: पुढे ५० वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटरची. चौथीत: केंद्र सरकारच्या जलजीवन मिशन या नळपाणी योजनेने गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, वाचूनही द्यायची नाही. स्वतःच्या शब्दांत सांगायची. प्रश्न एकच: पहिल्या गाडीचं पाणी तुम्ही कसं वाटाल?

भागाकार केला की माणशी १.३ लिटर निघतं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. दवाखान्याला आधी का सगळ्यांना सारखं? ज्याच्या दारात बोअर आहे त्यालाही द्यायचं का? इथे गाइड कामाला येत नाही. हौदावर घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेलं लेकरू या चर्चेत हुशार पोरालाही मागे टाकतं.

एक अडचण येतेच. ज्याला वाचन जमत नाही त्याच्या हातात चिठ्ठी गेली की गट अडकतो. त्यावरचा उपाय अॅरनसनच्या पद्धतीतच आहे: सगळ्या गटांतली ‘पहिली चिठ्ठी’वाली मुलं आधी एकत्र बसवा, समजून घेऊ द्या, मग आपापल्या गटात पाठवा. ही दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

कायमचा गटप्रमुख

गटप्रमुख नेमला की त्याच्या हाती वही, पेन आणि हुकूम तिन्ही जातं. मग थोड्या वेळाने आवाज येतो, “सर, ह्यो काहीच करंना गेलाय!” तो काही करत नाही, कारण त्याच्यासाठी काही उरलेलंच नाही. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरखंड ओढायला लावून मोजलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. सहा-सात जणांच्या गटाचं तेच होतं. चारच्या वर जाऊ नका, पट विषम आला तर तिघांचा गट चालेल.

पेन ज्याच्या हातात तो फक्त दुसऱ्यांचं लिहील, असा नियम करा आणि पेन दर वेळी फिरवा. उत्तर कोण सांगणार हे मात्र आधी जाहीर करू नका. शेवटी हजेरी क्रमांक पुकारा. एवढ्याने मागच्या बाकाची झोप बऱ्यापैकी उडते.

विचाराला वेळच न देणं

प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही की आपणच बोलून टाकतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून पाहिल्या, तर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आधी एक मिनिट एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग गटात, हा क्रम पाळा. थेट चौघांत ढकललं तर जो आधी बोलतो त्याचंच खरं ठरतं.

गट कोण पाडतं?

पोरांवर सोडलं तर गल्लीचा गट गल्लीत आणि तांड्याचा तांड्यात बसतो. गावातल्या रेघा वर्गात जशाच्या तशा उमटतात, त्यामुळे गट शिक्षकाने पाडावेत. मिसळण्याच्या नादात तीन मुलांत एकटी मुलगी मात्र बसवू नका, ती तासभर तोंड उघडत नाही. दोघी असू द्या.

भाषेची घाईही नको. तांड्यावरची लेकरं आपसात गोरबोलीत (बंजारा बोलीत) बोलली, तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडची तेलुगूत बोलली, तर बोलू द्या. गटातली चर्चा घरच्या बोलीत आणि वर्गासमोरची मांडणी मराठीत, एवढं पुरतं. ‘मराठीत बोला रे’ असं मध्येच म्हटलं की विचारही तिथेच थांबतो.

बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं गेली की जूनमध्ये पाडलेले गट मोडतात. नोव्हेंबरच्या पटावर नव्याने पाडा, रिकाम्या जागा ठेवून ओढू नका.

गोंगाट

द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग असतात, तिथे ही तक्रार खरी आहे. एका वर्गाला गटकाम देताना दुसऱ्याला लेखी काम द्या, नाहीतर गट ओसरीत किंवा लिंबाखाली न्या. बाकी गोंगाटाला घाबरायचं कारण नाही. गटांजवळून फिरताना आकडे, ‘कसं काय?’, ‘दाखव की’ ऐकू येत असेल तर तास चांगला चालला आहे. क्रिकेट ऐकू आलं तर काम संपलंय किंवा समजलेलं नाही. ओरडण्याआधी दोहोंपैकी काय ते बघा.

आठही गटांचं सादरीकरण

तेच उत्तर आठ वेळा ऐकायला कुणालाच आवडत नाही, आपल्यालाही नाही. एका गटाने मांडावं, बाकीच्यांनी फक्त ‘आमचं कुठे वेगळं आलं’ एवढंच सांगावं. वाचलेली पाच मिनिटं शेवटी ठेवा. गट मोडून प्रत्येकाने आपल्या वहीत एकट्याने दोन ओळी लिहायच्या: पाणी मी कसं वाटलं असतं आणि का. या वह्या त्याच दिवशी चाळा. चौघांच्या वहीत शब्दशः एकच ओळ सापडली, तर पुढच्या वेळी त्या गटाच्या चिठ्ठ्या बदला.