ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइल लाईनला टेफ्लॉन टेप नको

गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या लाईनच्या फिटिंगमधून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) झिरपायला लागलं की पहिला हात जातो तो नळाच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपकडे. पण त्या टेपचा एखादा तुकडा सुटून आत गेला की व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो, मग गिअर नीट पडत नाहीत आणि खर्च कुठल्या कुठे जातो. आरटीव्ही सिलिकॉनचंही (ट्यूबमधून लावायचं, सुकल्यावर रबरासारखं होणारं सीलंट) तेच, बाहेर आलेली गोळी तुटून तेलात फिरते.

१. आधी फिटिंग बघा. फ्लेअर नट (पाइपचं पसरट केलेलं तोंड दाबून धरणारा), ओ-रिंग (रबरी कडी) किंवा तांब्याचा वॉशर असेल तर सीलंट लावायचंच नाही, तिथे सील आट्यांवर होतच नाही. निमुळते म्हणजे टेपर आटे असतील तरच पुढे.

२. दोन्हीकडचे आटे ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा, तेलकटपणा राहिला तर सगळं फुकट.

३. पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉनच, पण पेस्टमध्ये मिसळलेलं) असलेली अ‍ॅनएरोबिक (हवा बंद झाली की सुकणारी) पेस्ट घ्या, लॉकटाइट ५६७ सारखी. फक्त आत शिरणाऱ्या तुकड्याच्या बाहेरच्या आट्यांवर लावायची आणि टोकाचे एकदोन आटे कोरडे सोडायचे, म्हणजे पेस्ट आत ढकलली जात नाही. ही धातूला धातू लागतो तिथेच सुकते, त्यामुळे प्लास्टिकच्या फिटिंगला वापरू नका.

४. घाई नसेल तर रात्रभर ठेवा, मग इंजिन चालू करून लाईन तपासा.

एक जपा, पेस्टमुळे आटे गुळगुळीत फिरतात आणि अजून थोडं, अजून थोडं आवळत अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं.